टरफलासकट वाटाणा

मार्गशीर्ष लागला की घाटावरून हिरव्या वाटाण्याची पोती पेडण्याच्या बाजारात उतरू लागतात. संध्याकाळी घराघरांच्या पडवीत सुपे मांडून शेंगा सोलण्याचे काम चालते आणि त्यात घरातील लहानथोर सारे सामील होतात. एक किलो शेंगा सोलल्या तर दाणे भरतात जेमतेम अर्धा किलो. उरलेला अर्धा किलो गुरांच्या पुढ्यात नाही तर माडाच्या आळ्यात जातो. पैसे मात्र आपण पूर्ण किलोचे मोजलेले असतात.

तीन वर्षांपूर्वी शाळेच्या परसबागेच्या तासाला आठवीतील एका मुलीने नेमका हाच हिशेब मांडून मला विचारले, "बाई, वालाची शेंग आम्ही सालासकट खातो, आळसांद्याची कोवळी शेंगसुद्धा खातो. मग वाटाण्याचेच टरफल का टाकायचे?" मी कलाशाखेची पदवीधर, वनस्पतिशास्त्राशी माझा परिचय दहावीच्या पुस्तकापुरता. तयार उत्तर माझ्यापाशी नव्हते. तेव्हा "उद्या घरून एक टरफल चावून या, मग बोलू," असे सांगून मी वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग टरफले चावून आला होता. सर्वांचे मत एकच पडले: चव गोड, पण शेवटी तोंडात एक चोथा राहतो, तो काही केल्या गिळवत नाही.

तो चोथा म्हणजेच या लेखाचा विषय आहे.

वाटाण्याचे टरफल नखाने उकलून त्याच्या आतल्या अंगाकडे पाहावे. बाहेरचा भाग मांसल व रसाळ असतो, पण आतल्या बाजूस पातळ, चकचकीत, काहीसा कागदासारखा चिवट पापुद्रा असतो. टरफल उलट बाजूस हलकेच मोडून ओढले तर हा पापुद्रा सलग सुटून येतो. त्याची योजना निसर्गाने आपल्या सोयीसाठी केलेली नाही. शेंग पिकून वाळू लागली की हा पापुद्रा ताणला जातो, शेंगेची दोन्ही दले पीळ घेऊन फटकन उकलतात आणि दाणे दूर उडतात. वाटाण्याच्या वेलाला आपली संतती पसरवायची असते, आपली भाजी चविष्ट व्हावी ही त्याची इच्छा नसते. हाच पापुद्रा शेंगेला आतून ताठ धरून ठेवतो. म्हणूनच बाजारातली शेंग दाणे भरण्यापूर्वीही फुगीर दिसते.

आता असे समजा की एखाद्या वेलाच्या शेंगेत हा पापुद्रा धरलाच नाही. मग ती शेंग चपटी राहील, पुढे दाणे वाढतील तशी त्यांच्यामधल्या जागी आत दबेल, वाळल्यावर सहजी फुटणार नाही, आणि कोवळी असताना अख्खी खाता येईल. असा वाटाणा खरोखरीच आहे. बियाण्याच्या पुडीवर त्याचे नाव 'स्नो पी' असे छापलेले असते. फ्रेंच लोक त्याला 'मांजतू', म्हणजे 'सगळे खा', असे म्हणतात. दक्षिण चीनमधील लोक त्याला 'हॉलंडची शेंग' म्हणतात, तर अमेरिकेत पुष्कळ जण त्यालाच 'चिनी वाटाणा' म्हणून ओळखतात. जो तो ही शेंग दुसऱ्याच्या गावची म्हणून सांगतो. मराठीत तिला रूढ नाव नाही. आमच्या मुलांनी 'टरफलासकट वाटाणा' असे लांबलचक नाव ठेवले, तेच मी येथे वापरते.

या शेंगेला विज्ञानाच्या इतिहासातही स्थान आहे. ऑस्ट्रियन साम्राज्यातील ब्रून या शहरी, ज्याला आज चेक देशातील ब्रनो म्हणतात, ग्रेगोर मेंडेल नावाचा एक मठवासी १८५६ ते १८६३ या काळात मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग करीत होता. सुमारे २८,००० झाडे त्याने वाढवून पाहिली. त्याने निवडलेल्या सात लक्षणांपैकी शेंगेचा आकार हे एक होते. एका बाजूस फुगीर शेंग आणि दुसऱ्या बाजूस दाण्यांच्यामध्ये दबलेली शेंग, म्हणजे आपला टरफलासकट खाण्याचा वाटाणा. दोघांचा संकर केल्यावर पहिल्या पिढीत सर्व शेंगा फुगीर आल्या. दबलेली शेंग जणू नाहीशीच झाली. पुढल्या पिढीत मात्र १,१८१ झाडांपैकी ८८२ झाडांना फुगीर आणि २९९ झाडांना दबलेल्या शेंगा लागल्या. हे प्रमाण जवळजवळ तीनास एक पडते. लपलेले लक्षण नष्ट झालेले नसते, एका पिढीआड ते पुन्हा डोके वर काढते, हे मेंडेलला यातून दिसले. त्याने आपले निष्कर्ष १८६५ साली विद्वानांच्या सभेत वाचून दाखवले, १८६६ साली ते छापले गेले, आणि १९०० सालापर्यंत त्यांची कोणी फारशी दखल घेतली नाही. तोपर्यंत मेंडेलला जाऊन सोळा वर्षे झाली होती.

इतके वाचून झाल्यावर मुलांना गप्प बसवणे शक्यच नव्हते. "आपणही लावूया," असा एकच घोष झाला. बेळगावच्या एका नातेवाइकांकडून मी बियाण्याची पुडी मागवली आणि घटस्थापनेच्या आठवड्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभी, शाळेमागच्या वाफ्यात चाळीस बिया टोकल्या. पाऊस ओसरला होता, जमीन ओली होती, आणि आमच्याकडे भाजीचे वाफे याच सुमारास तयार होऊ लागतात. तेव्हा मुहूर्त चांगला, असे मला वाटले.

तो मुहूर्त अगदी चुकीचा होता. चाळीसपैकी एकतीस बिया उगवल्या. आठवडाभरात सात रोपे मोरांनी खाल्ली. (मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी खरा, पण ज्याने पेडण्यात परसबाग केली आहे त्याला त्याच्याविषयी स्वतंत्र मत असते.) उरलेली वीतभर वाढली, मग बुंध्याकडून पिवळी पडू लागली. दिवाळीनंतर जेमतेम नऊ वेल राहिले. त्यांना फुले आली आणि ती देठासकट गळून पडली. मुलांनी रोज पाणी घातले होते, शेण आणून टाकले होते. एका मुलाने तर 'आपल्या हातून काही पाप घडले असेल' इतका गंभीर चेहरा केला. चूक त्यांची नव्हती, माझी होती. वेल कोणत्या हवेचा आहे हे न विचारता मी त्याला पेरले होते.

वाटाणा हा थंड हवेचा वेल आहे. १० ते २० अंश तापमानात त्याची वाढ उत्तम होते, आणि पारा ३० अंशांच्या वर राहू लागला की फुले गळतात, शेंग धरत नाही. आपल्याकडे पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात दुसरा उन्हाळाच येतो. बेळगावला डिसेंबरच्या रात्री पारा १५ अंशांच्या खाली उतरतो. समुद्राच्या शेजाराने आपल्याकडे तो थंडीच्या ऐन दिवसांतही २० अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि दुपारी पुन्हा ३० च्या वर जातो. पुणे जिल्ह्यातील सासवड आणि पुरंदरच्या पठारावर तर ऐन पावसाळ्यात वाटाणा पिकतो, कारण तेथे पाऊस बेताचा आणि हवा गार. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात जो पाऊस कोसळतो, त्यात वाटाण्याची मुळे आठ दिवसांत कुजतील. तेव्हा पेडण्याच्या माणसाला वाटाण्यासाठी वर्षातून एकच अरुंद फट मोकळी असते. फुले येण्याचा काळ जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पडला पाहिजे. पेरणीपासून पहिल्या तोडणीपर्यंत साधारण दोन महिने लागतात. हिशेब उलटा मोजला तर पेरणी तुळशीचे लग्न झाल्यावर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येते.

दुसऱ्या वर्षी मी शाळेबरोबरच घरीही, कोरगावला, वाफा केला. या वेळी मुहूर्त चुकवला नाही. जागाही विचारपूर्वक निवडली. घराच्या पूर्वेला सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारी दोननंतर घराचीच सावली पडते. आपली माती जांभ्याची, म्हणजे लोखंडाने लाल आणि स्वभावाने आंबट. वाटाण्याला असा आंबटपणा सोसत नाही. म्हणून पेरणीच्या पंधरा दिवस आधी वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत आणि चुलीतली राख मिसळली. ज्यांच्याकडे गॅस आला आणि चूल गेली, त्यांनी शिंपल्यांचा चुना मूठभर घ्यावा. बिया बोटाच्या एका पेराइतक्या खोल आणि चार-चार बोटांच्या अंतरावर टोकल्या. वर वाळलेला पालापाचोळा पसरला, म्हणजे माती तापत नाही. वेल चढण्यासाठी बांबूच्या कामट्या आणि फांद्या रोवल्या. दोडक्या-पडवळाला लागतो तसा मांडव याला नको. वाटाण्याच्या पानाच्या टोकाचे ताणे बारीक असतात आणि बारीक काडीलाच ते नीट गुंडाळतात. जाड खांब दिला तर वेल त्याच्या पायाशी लोळत राहतो.

माझी आजी रोज संध्याकाळी येऊन हा सारा खटाटोप पाहत असे. तिचे वय ऐंशीच्या घरात. बोलली काहीच नाही. वेल गुडघाभर झाले, तरी पानांचा रंग फिकटच होता. शेजारच्या वाफ्यातले आळसांदे त्याच मातीत, कोणी विचारपूस न करता, काळेभोर हिरवे झाले होते. तेव्हा एके दिवशी ती म्हणाली, "बाये, ही शेंग परकी. आमची माती तिका वळखना."

मी ते बोलणे म्हातारपणीचे म्हणून सोडून दिले. परंतु दोन दिवसांनी मुलांना दाखवण्यासाठी म्हणून वाटाण्याचे एक रोप आणि आळसांद्याचे एक रोप मुळांसकट अलगद उपटले, पाण्यात खळबळून धुतले आणि कागदावर शेजारी-शेजारी ठेवले. आळसांद्याच्या मुळांवर मोहरीपासून मिऱ्याएवढ्या पुष्कळ गाठी होत्या. एक गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी-लाल रंग. वाटाण्याची मुळे मात्र जवळजवळ बोडकी होती. कुठे तरी दोन-तीन गाठी, त्याही पांढऱ्या.

या गाठी म्हणजे रोग नव्हे. शेंगवर्गातील झाडांच्या मुळांत रायझोबियम नावाचे सूक्ष्म जीव राहतात. हवेत नायट्रोजन विपुल आहे, परंतु झाडाला तो हवेतून थेट घेता येत नाही. हे जीव तो घेऊन झाडाला पचेल अशा रूपात देतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. गाठीच्या आतला लाल रंग हे काम चालू असल्याची खूण आहे. हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन संशोधकांनी १८८६ ते १८८८ या काळात हे गूढ उकलले. १८८८ साली बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने ते जीव गाठीतून वेगळे करून दाखवले. आपल्या प्रश्नाला महत्त्वाची गोष्ट ही की, सर्व शेंगांचे जीव एकच नसतात. चवळी आणि आळसांदे यांचा स्वभाव मिळताजुळता. उष्ण प्रदेशाच्या मातीत जे जीव मुळातच वस्तीला असतात, त्यांतील अनेकांशी त्यांचे जमते. वाटाण्याचे तसे नाही. त्याला आणि त्याच्या नात्यातल्या मसुरासारख्या मोजक्या झाडांना चालणारे जीव वेगळे. जेथे वाटाणा पिढ्यान्‌पिढ्या पिकतो तेथे ते मातीत मुरलेले असतात. जेथे तो कधी पिकलाच नाही, तेथे ते बहुधा नसतात, आणि आंबट मातीत सोडले तरी कष्टानेच टिकतात.

आजीचे वाक्य मी शाळेतल्या फळ्यावर लिहिले आणि त्याखाली हे सारे लिहिले. मुलांना दोन्ही समजले.

आजीच्या त्या वाक्याला आणखी एक बाजू होती, ती तिने त्या रात्री जेवताना सांगितली. १९५५ साली भारत सरकारने पोर्तुगीज राजवटीखालच्या गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हा आजी दहा वर्षांची होती. घाटावरून येणारी भाजी बंद झाली. पोर्तुगीज सरकारने बटाटे हॉलंडहून, भाजीपाला व तांदूळ पाकिस्तानातून आणि चहा सिलोनहून बोटीने आणवला. पण तो गावाच्या टोकाच्या घरापर्यंत किती पोहोचणार? "आमी खंयच्या बटाट्याची वाट पळयली ना," ती म्हणाली. भात कापल्यावर शेतातल्या उरल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर आळसांदे पिकत. परसात वाल, अबई, दोडकी, भोपळा असे. कोवळ्या शेंगा भाजीला, वाळलेले दाणे वर्षभर तोणाकाला, पाला गुरांना. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत अशीच वर्षे गेली. मला २०२० चा मार्च आठवला. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात दुकाने बंद होती आणि घाटावरच्या गाड्या सीमेवर अडल्या होत्या. तेव्हा आमच्या वाड्यावरील ज्या घरांच्या परसात शेंगा होत्या, त्यांनी त्या शेजाऱ्यांना वाटल्या. ज्यांनी परसात फरश्या घातल्या होत्या, ते वाटा घ्यायला आले. त्यात आम्हीही होतो. परस नव्याने खणण्याचे माझे वेड तेव्हापासूनचे आहे.

असो. वाटाण्याकडे परत येऊ. दुसऱ्या वर्षीच्या त्या फिकट वेलांनी मला एकंदर दोन ओंजळी शेंगा दिल्या. चव कळण्यापुरत्या त्या पुरल्या.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या हिवाळ्यात, मी वाटाण्यासाठीचे जिवाणूखत मागवले. कडधान्यांच्या बियाण्याला लावण्याची ही काळसर भुकटी असते. मात्र पुडीवर 'वाटाणा' किंवा 'वाटाणा गट' असे लिहिलेले आहे ना, हे वाचून घ्यावे. सोयाबीनचे किंवा चवळीचे येथे कामाचे नाही. गुळाचे पाणी उकळून पूर्ण थंड करावे, त्यात भुकटी कालवावी, बियांना हलक्या हाताने चोळावी, बिया सावलीत सुकवाव्यात आणि त्याच दिवशी पेराव्यात. उन्हात सुकवल्या तर जीव मरतात आणि आपण नुसता गूळ पेरतो. याला खर्च थोडाच येतो. पुडी मात्र दहा-पंधरा किलो बियाण्याला पुरेल एवढी असते, तेव्हा चार घरांनी मिळून एक घ्यावी.

या वेळी वेल छातीपर्यंत चढले आणि पानांना अपेक्षित असलेला निळसर हिरवा रंग आला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पांढरी फुले दिसली. फूल उमलल्यापासून पाच ते सात दिवसांत शेंग तोडणीला येते. ही गोष्ट अनुभवानेच शिकावी लागली. शेंग बोटाएवढी लांब, चपटी, आणि उजेडासमोर धरली असता आत दाण्यांचे नुसते ठिपके दिसतील अशी हवी. दोन दिवस चुकले तर दाणे फुगतात, शिरा राठ होतात आणि साल रबरासारखे लागते. तोडणी एक दिवसाआड केलीच पाहिजे. वेलावर चार शेंगा जून झाल्या की आपले कार्य संपले असे वेल समजतो आणि नवी फुले देणे थांबवतो. आमच्या दीड वावाच्या वाफ्यातून पाच आठवड्यांत सुमारे साडेतीन किलो शेंगा निघाल्या. बाजारभावाने पाहू गेल्यास हा आकडा हसण्याजोगा आहे, हे मी कबूल करते.

फेब्रुवारीच्या मध्याला पानांवर पिठासारखी पांढरी भुरी पडली. दिवस कोरडे व उबदार, रात्री दवाच्या, अशा हवेत ती येतेच. वेल दाट न ठेवता हवा खेळू दिली, तर ती थोडी लांबते. पहिली पाने दिसताच तोडून टाकावीत. गंधकाची भुकटी पाण्यात मिसळून फवारता येते, परंतु खाण्याच्या शेंगा लागलेल्या असताना आणि ऊन तापलेले असताना ती न वापरणे मला बरे वाटले. तोवर वेलाचेही दिवस भरत आलेले असतात.

आता स्वयंपाकघराकडे वळू.

पहिला नियम असा की, शेंग तोडल्यावर तिला वाट पाहायला लावू नये. तोडल्या क्षणापासून तिच्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर होऊ लागते. सकाळी तोडलेली शेंग दुपारी गोड लागते, ती दुसऱ्या दिवशी तितकी लागत नाही. बाजारातला वाटाणा आपल्याला मिळतो तो दोन-तीन दिवसांचा प्रवास करून आलेला असतो. परसातल्या साडेतीन किलोंचे मोल येथे कळते.

शेंगेचे देठाकडचे टोक मोडून खाली ओढावे, म्हणजे कडेची शीर सुटून येते. दुसऱ्या टोकाकडूनही तसेच करावे. पाव किलो शेंगांना चमचाभर खोबरेल पुरे. (घाटावरचे वाचक खोबरेलाला केसांचे तेल समजतात, त्यांनी शेंगदाण्याचे घ्यावे.) कढई चांगली तापू द्यावी. मोहरी, चिमूटभर हिंग आणि एक उभी चिरलेली हिरवी मिरची यांची फोडणी करून त्यात अख्ख्या शेंगा टाकाव्यात आणि मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटे परताव्यात. मीठ शेवटी घालावे, आधी घातले तर पाणी सुटते. वर मूठभर ओले खोबरे. झाकण मुळीच ठेवू नये. माझ्या आईची सवय अशी की प्रत्येक भाजीवर झाकण आणि झाकणावर पाणी. पहिल्या वेळी तिने तसेच केले आणि शेंगा सुकलेल्या गवताच्या रंगाच्या झाल्या. फार वेळ उष्णता लागली किंवा आंबट पदार्थ पडला की पानातल्या हिरव्या द्रव्यामधून मॅग्नेशियम निघून जाते आणि हिरवा रंग करडा होतो. झाकणामुळे शेंगेतलीच आंबट वाफ परत कढईत पडते. म्हणून सोले घालावयाचीच असतील, तर भाजी उतरल्यावर, ताटात वाढतेवेळी घालावीत. हरमलची मिरची ज्यांच्या घरी असेल त्यांनी फोडणीत सुकी एक टाकून पाहावी. २०२१ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, पण पेडण्याच्या गृहिणीला त्याआधीही ती ठाऊक होतीच.

खतखत्यात मात्र ही शेंग घालू नये. खतखते हा सावकाश शिजण्याचा पदार्थ आहे. त्यात सुरण, कणगे, शेवगा यांचे राज्य. आमच्याकडे एकदा हौसेने घातली, तर ती विरघळून दिसेनाशी झाली आणि शीर तेवढी दातात अडकली. तोणाकालाही ती उपयोगी नाही. तेथे वाळलेला आळसांदाच हवा, आणि त्याला भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण. वेलाचे कोवळे शेंडे मात्र चार-दोन खुडून डाळीत टाकावेत. त्यांना शेंगेचीच चव असते आणि खुडल्याने वेलाला नव्या फांद्या फुटतात.

एक धोक्याची सूचना येथेच देऊन ठेवते. बागेत शोभेसाठी लावतात तो सुगंधी फुलांचा 'स्वीट पी' हा खाण्याचा वाटाणा नव्हे. दिसायला त्याच्या शेंगा सारख्या असल्या तरी त्याच्या बिया विषारी असतात. नाव ऐकून कोणी तोंडात घालू नये. तसेच बाजारातल्या साध्या वाटाण्याचे दाणे पेरले तर त्याला साध्याच, पापुद्र्याच्या शेंगा येतील. टरफलासकट वाटाण्याचे बियाणे वेगळेच घ्यावे लागते.

ते मात्र एकदाच घ्यावे लागते. वाटाण्याचे फूल उमलण्यापूर्वीच त्याच्या आत स्वपरागण होऊन गेलेले असते, त्यामुळे शेजारी दुसऱ्या जातीचा वेल असला तरी बी सहसा भेसळत नाही. मेंडेलने वाटाणा निवडला तो याही कारणाने. आम्ही सर्वांत निकोप अशा तीन वेलांना लाल दोरा बांधला आणि त्यांच्या शेंगा अजिबात तोडल्या नाहीत. फेब्रुवारीअखेर त्या वेलावरच तपकिरी होऊन वाळल्या. दाण्यांमध्ये साल घट्ट आवळलेले, आत सुरकुतलेले हिरवट दाणे. मेंडेलने ज्यांची संख्या २९९ लिहिली, त्या झाडांच्या शेंगा अशाच दबलेल्या होत्या, हे मुलांना सांगितले तेव्हा एका मुलाने आमच्या शेंगाही मोजायला घेतल्या. दाणे सात दिवस सावलीत वाळवले, कोरड्या राखेत घोळले आणि काचेच्या बरणीत भरले. राखेमुळे भुंगा लागत नाही. आळसांद्याचे बी आजी याच रीतीने ठेवते. तिचे वाण तिच्या माहेराहून, लग्नात, पदरात बांधून आलेले आहे.

बरणीत आज दोनशे सोळा बिया आहेत. तुळशीचे लग्न झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी त्या शाळेत वाटण्यात येतील. ज्यांना हव्या असतील त्यांनी रिकामी आगपेटी आणावी, आणि घरी पेरले जाणारे आळसांदे, वाल किंवा अबई यांचे बी तिच्यात घालून आणावे. आपल्या बियांच्या बदल्यात प्रत्येकास वाटाण्याच्या दहा मिळतील. परस नसेल त्यांनी गच्चीवरील कुंडी सांगितली तरी चालेल. मात्र ती पूर्वेकडची असावी.